माडीवरचा गुरुवार

खाली तालीम, वर आम्ही.
खाली पोरं एकमेकांना पाडायला शिकतात,
वर आम्ही पडायला.
मधल्या फळ्यांतनं ताक-हळद मुरलेल्या
तांबड्या मातीचा वास वर येतो,
आणि वस्तादांचा आवाज : "अरं, कंबर सोड की!"
आमच्या तनुजाबाईही तेच म्हणतात,
फक्त हळू.

मी निवास लोहार. उद्यमनगर, फौंड्री, एकवीस वर्षं.
उजवा हात मिटलेला.
सीपीआरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला,
म्हणाले, हाडात काही नाही, शिरेत काही नाही.
मग कुठं आहे, विचारलं,
तर चिठ्ठीवर ह्या माडीचा पत्ता लिहिला.

पहिल्या दिवशी मांजर व्हायला सांगितलं.
पन्नाशीचा माणूस मी, घरी पोरगी लग्नाची,
मांजर!
निघायला चपला शोधल्या,
तर शेवंताक्का आवळे, साठी ओलांडलेली बाई,
भिंतीला पाठ घासत होती अशी
की दारातच थांबलो.
तिचं काय गेलं, पुरात की त्याआधी,
कुणी विचारत नाही इथं.
इथं विचारतात : आज किती वजन घेऊन चालताय?

मी चाललो. जड चाललो.
बाई म्हणाल्या, अजून जड,
आहे तेवढं सगळं येऊ द्या पायात.
फळ्या करकरल्या. खालनं वस्ताद ओरडले,
"वर हत्ती आणलाय काय रं?"
सगळे हसले. मीही,
सात महिन्यांनी.
गंजल्या बिजागरीसारखं वाजलं ते हसू.

मग चेंडूचा खेळ. चेंडू नसतोच त्यात.
अस्लम बागवाननं पपई फेकली,
पिकलेली, दोन्ही हातांनी, जपून;
शेवंताक्कानं झेलली, हुंगली,
तिच्या हातात तिची घागर झाली,
काठोकाठ,
आणि ती घागर माझ्याकडं यायला लागली.
मिटल्या मुठीनं घागर कशी धरायची?
मनगटं पुढं केली.
सांडली.
"पुसा," बाई म्हणाल्या.
आणि मी खरंच खाली बसून
कोरडी फळी पुसली.

चौथ्या गुरुवारी रिकामी खुर्ची.
कोण बसणार, आधीच ओळखलं मी.
बजरंग.
साखळी माझ्या हातात होती,
वर रसानं भरलेलं लॅडल, खाली बजरंग,
आणि दोन कड्या सुटल्या.
मी सोडल्या की तिनं,
ते चौकशीच्या कागदात एका ओळीत आहे :
यांत्रिक बिघाड.
हाताला वाचता येत नाही.

बाई म्हणाल्या, आता तुम्ही बसा त्याच्या जागी.
बसलो.
बजरंग बसायचा तसा, एक पाय दुमडून,
मान खांद्यात, कानामागं विडी.
समोर मोकळी जागा, मघाशी मी होतो तिथं.
वाटलं, आता शिव्या देईल.
वाटलं, माफ करेल, सिनेमात करतात तसं.
तोंड उघडलं तर तो म्हणाला,
"निवाशा, एक वाजला की. डबा सोड.
वैनीनं झुणका दिलाय न्हवं आज?"

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
अस्लमनं पाण्याचा तांब्या पुढं केला,
खरा, पितळी,
आणि मी तो घेतला.
कुठल्या हातानं,
ते जिना उतरताना लक्षात आलं.

खाली एक पोरगं लंगोट वाळत घालत होतं.
"काका, वर काय चालतंय तुमचं?"
"नाटक."
"कधी हाय?"
"झालं की आत्ताच."
"मग तिकीट?"
मी काहीच बोललो नाही,
पाठीवर थाप मारली त्याच्या, ओल्या,
आणि बोटांना माती लागली.

तीन बोटं उघडतात आता.
उरलेली दोन अजून साखळी धरून आहेत.
असू देत.
डबा तीन बोटांनीही सुटतो.